आम्ल जमिनीत चिया: आजरा तालुक्यातल्या एका एकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात जमिनीची दोन टोकं आहेत. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे नदीकाठची काळी जमीन, जादा पाण्यानं क्षारपड आणि चोपण (सोडियम साचून घट्ट) होत चाललेली. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभ्या दगडापासून झालेली तांबडी माती. तिच्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वर्षानुवर्षांच्या पावसानं धुऊन नेलेलं असतं. मागं लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, आणि जमीन आम्ल होते.

हे प्रकरण आजरा तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे. शेती चुलता आणि पुतण्या मिळून बघतात. खाली तीस गुंठ्यांचं भात खाचर, वर चाळीस गुंठ्यांची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. वरकस जमिनीत आजवर नाचणी होत आली. विहिरीवर मोटर बसल्यावर पुतण्यानं रब्बीत तिथं चिया, म्हणजे सब्जासारख्या बारीक बियांचं पीक, घ्यायचं ठरवलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या पुढाकारानं कर्नाटकात हे पीक रुजलं आहे. पाणी कमी लागतं, जनावरं फारशी तोंड लावत नाहीत आणि साडेतीन-चार महिन्यांत रान मोकळं होतं.

पेरणीआधी त्यांनी दोन गोष्टी बघितल्या होत्या. चिया थोडी आम्लता सहन करतो हे वाचलं होतं, आणि घरात सरकारी योजनेतली मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचा अहवाल होता. पत्रिकेत सामू (पीएच; सातच्या जितका खाली तितकी जमीन आम्ल) ६.१ होता. चियाला ६ ते ७.५ सामू सोयीचा असतो, म्हणजे काळजीचं कारण दिसत नव्हतं.

अडचण

पहिल्या हंगामात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी झाली. उगवण विरळ होती, पण बी बारीक असल्यामुळे ते पेरणीच्या चुकीवर गेलं. पस्तिसाव्या दिवशी झाडं वीतभरच होती. खालची पानं जांभळट, देठ ताठ आणि वाढ थांबल्यासारखी. पुतण्यानं युरिया दिला, मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) आणि जस्ताची फवारणी केली. फरक पडला नाही. निविष्ठांच्या दुकानातून सल्ला मिळाला की जमीन सुधारायला जिप्सम टाका. चार पोती टाकली. त्यानंही काही झालं नाही.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास तेवढ्याशा झाडांना फुलोरा आला. एकरातून ७४ किलो बी निघालं. अपेक्षा तीन क्विंटलच्या जवळपासची होती.

निदान कसं झालं

पहिला धागा रानातच सापडला. वरच्या बांधाजवळ चार-पाच पावलं रुंदीचा एक गोल तुकडा होता. तिथली झाडं कमरेइतकी वाढलेली आणि गर्द हिरवी होती.

"आबा, हे बघा, इथली झाडं कमरेला लागत्यात," पुतण्यानं दाखवलं.

"तिथं तरव्याचा राब भाजतोय की आपण दरसाल," चुलत्यांचं उत्तर.

नाचणीचा तरवा (रोपं) टाकण्याआधी तिथं पालापाचोळा, शेण आणि काटक्या भाजायची जुनी रीत होती. राखेत कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट असतात, ते आम्लता कमी करतात. पण राख पालाश आणि थोडं स्फुरदही देते, आणि भाजल्यानं तणाचं बी मरतं. म्हणजे तो हिरवा गोल बघून लगेच 'आम्लता' म्हणणं घाईचं झालं असतं. खात्रीसाठी मुळं बघायला हवी होती.

गोलाच्या आतलं आणि बाहेरचं असं एकेक झाड खुरप्यानं भोवतालच्या मातीसकट काढून बादलीत हळू धुतलं. आतल्या झाडाचं मूळ वीतभर खोल आणि पांढऱ्या तंतूंनी भरलेलं. बाहेरच्याचं मूळ जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, टोकाला जाड, बोथट आणि तपकिरी, बाजूची मुळं खुंटलेली. मुळाची टोकं अशी दिसली की ॲल्युमिनियमची बाधा ओळखावी. सामू ५.५ च्या खाली जाऊ लागला की ॲल्युमिनियम विरघळून मातीच्या पाण्यात येतं आणि मुळाचं वाढतं टोक थांबवतं. शिवाय लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून पानं जांभळी पडतात. वरून कितीही फवारलं तरी ज्याला मूळच नाही ते झाड घेणार काय?

मग पत्रिकेतला ६.१ कुठून आला? ती पत्रिका निघाली तेव्हा त्या योजनेत प्रत्येक शेतातून नमुना घेत नव्हते. बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेत. इथला नमुना खालच्या खाचरांतून गेला होता. भाताच्या खाचराची आणखी एक गंमत आहे. पाणी उभं असताना मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडवर जी क्रिया होते ती आम्लता खाते, त्यामुळे सामू सातकडे चढतो. पाणी ओसरून वाफसा आला की तो परत खाली येतो. या खाचरात ऑगस्टच्या चिखलात सामू ६.४ भरला आणि भात कापल्यावर, माती सुकल्यावर ५.६.

वरकस जमिनीचे नमुने नव्यानं घेतले. दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे काढून ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरची माती वेगळी ठेवली, ती सावलीत वाळवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणली. राबाच्या गोलाचा नमुना वेगळा होता. प्रयोगशाळेला सामूशिवाय 'विनिमययोग्य ॲल्युमिनियम' (मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, मुळांना बाधणारं) आणि 'चुन्याची गरज' या दोन चाचण्या मुद्दाम मागितल्या. नेहमीच्या पत्रिकेत त्या नसतात. निकाल असे आले:

वरचा थर: सामू ४.९, ॲल्युमिनियम १.२ मिलिइक्विव्हॅलंट (रासायनिक प्रमाणाचं एकक) प्रति १०० ग्रॅम, सेंद्रिय कर्ब १.१ टक्के, उपलब्ध स्फुरद अत्यंत कमी.
खालचा थर: सामू ४.७.
राबाचा गोल: सामू ६.२, ॲल्युमिनियम नगण्य.

सामूचं माप दर अंकाला दहापट बदलतं, हे इथं लक्षात घ्यायला हवं. ४.९ आणि ६.२ यांत आम्लतेचा फरक जवळजवळ वीसपट आहे.

चियाच्या बाबतीत ही बाब इतकी महत्त्वाची का

आम्ल जमिनीत सुरुवातीला मागं पडलेला ऊस पुढं सावरू शकतो, कारण त्याच्या हातात वर्ष असतं. चिया हे कमी प्रकाशकाळाचं पीक आहे. दिवस बारा तासांच्या खाली आला की झाड कितीही लहान असलं तरी फुलोऱ्याकडे वळतं. कोल्हापुरात डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा असतो. म्हणून नोव्हेंबरात पेरलेल्या पिकाला वाढीसाठी जेमतेम सहा-सात आठवडे मिळतात. त्यातले पहिले चार मुळं खुंटण्यात गेले तर ते भरून निघायला वेळच नाही. या कुटुंबानं पस्तिसाव्या दिवशी जे जे केलं ते उपायाच्या निवडीत चुकलंच, पण वेळेच्या दृष्टीनंही उशिराचं होतं. चियाच्या जमिनीचा सामू पेरणीआधी दुरुस्त होतो. उभ्या पिकात तो दुरुस्त करायला वाव नाही.

तपासलेले पर्याय

जिप्सम आधीच टाकून झालं होतं. तो सल्ला शिरोळकडच्या चोपण जमिनीत अगदी बरोबर आहे: तिथं जिप्समचं कॅल्शियम सोडियमला हटवतं. पण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आम्लता खायला कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड लागतं आणि जिप्सममध्ये दोन्ही नाही. ते सामू वाढवत नाही. खोल थरातल्या ॲल्युमिनियमची बाधा ते काही जमिनीत कमी करतं, पण वरच्या थराचा इलाज म्हणून ते निवडणं चूक होतं. जिल्ह्याच्या एका टोकाचा उपाय दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा आणला गेला, आणि ही चूक या पट्ट्यात सर्रास होते.

साखर कारखान्याची मळी चुलत्यांना पसंत होती, कारण ट्रॉलीनं सहज मिळते. मळी चांगलं सेंद्रिय खत आहे, पण आम्लतेवर तिचा उपयोग कारखान्यात रस कसा शुद्ध करतात त्यावर ठरतो. कार्बोनेशन पद्धतीच्या मळीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गंधकाचा धूर देऊन रस शुद्ध करतात. त्या मळीत चुना असतो तो मुख्यतः सल्फाइट-सल्फेटच्या रूपात, आणि तो आम्लतेवर फारसा चालत नाही. वाळलेल्या मळीवर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकून फेस येतो का बघितलं. आला नाही. मळी खत म्हणून ठेवली, चुन्याच्या जागी नाही. बॉयलरची राखही मुख्यतः सिलिका असते, म्हणून तीही मागं पडली.

कळीचा चुना वजनाला सर्वांत जोरकस आहे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० धरलं तर तो १७९ आणि विरवलेला चुना १३५. पण कळीचा चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, घामाच्या अंगानं फेकायचा माल तो नव्हे. शिवाय ढेकूळ राहिलं तर तिथलं बी मरतं.

डोलोमाइटची भुकटी शुद्ध असेल तर १०८ पर्यंत जाते आणि कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम देते. धुपलेल्या तांबड्या मातीत दोन्ही कमी असतात. काम सावकाश होतं, पण हाताळायला निर्धोक. निवड तिची झाली.

शेवटचा प्रश्न किती टाकायचं हा होता, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यावर गेला. प्रयोगशाळेच्या बफर पद्धतीनं सामू ६.५ ला न्यायचा तर एकरी अडीच टनांहून जास्त चुना लागत होता. पण चियाला खरा त्रास ॲल्युमिनियमचा होता, आणि ते सामू ५.५ च्या आसपास जवळजवळ बसून जातं. तेवढंच ध्येय धरलं तर हिशोब असा होतो: १५ सेंटिमीटर थरात १ मिलिइक्विव्हॅलंट ॲल्युमिनियमला हेक्टरी साधारण एक टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं. प्रत्यक्षात दीडपट धरतात. १.२ गुणिले १.५ म्हणजे हेक्टरी १.८ टन, एकरी ७२० किलो. माल ९० टक्के ताकदीचा आणि बारीकपणानुसार त्यातला ८० टक्केच लवकर कामाला येणारा, म्हणून ७२० ला ०.७२ नं भागलं. एकरी १,००० किलो.

अडीच टनांचा मार्ग सोडला तो फक्त खर्चामुळे नव्हे. एकदम जास्त चुना पडला तर जस्त, लोह, मँगनीज आणि बोरॉन अडकतात, आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

प्रत्यक्ष काय केलं

सगळं रान एका उपायाखाली न घालता तीन पट्टे पाडले. वीस गुंठ्यांत पूर्ण मात्रा, पंधरा गुंठ्यांत फक्त पेरणीच्या ओळीत एकरी १६० किलोच्या दरानं ६० किलो, आणि पाच गुंठे चुन्याविना. पाच गुंठे 'वाया' घालवायला चुलते तयार नव्हते. पण तुलनेला काही नसेल तर पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर ठरवायचं, हे त्यांना पटलं.

पहिला माल आला तो वाळूसारखा रवाळ होता. ६० मेशच्या चाळणीतून, म्हणजे इंचाला साठ छिद्रांच्या जाळीतून, तिसरा हिस्साही गेला नाही. जाड कण मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. माल परत केला. दुसरा माल पिठासारखा होता, पण व्हिनेगर टाकल्यावर फेस नीट येईना, तेव्हा पुतण्या तोही परत करायला निघाला. इथं थांबवावं लागलं. साध्या चुनखडीवर थंड सौम्य आम्ल फसफसतं, डोलोमाइटवर ते मंदच चालतं. फेस कमी म्हणजे माल खोटा, असं डोलोमाइटच्या बाबतीत धरता येत नाही. पोत्यावरचं प्रमाण आणि चाळणी यांवर भरवसा ठेवला.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरून वाफसा येताच काम सुरू झालं. वीस गुंठ्यांचे दोरीनं दहा चौकोन आखले, प्रत्येक दोन गुंठ्यांचा, ६६ फूट बाय ३३ फूट. प्रत्येकात ५० किलोचं एक पोतं. निम्मं उभं फेकलं, नांगरट केली, उरलेलं आडवं फेकून रोटर मारला. चुना मातीत सरकत नाही, जिथं मिसळाल तिथंच काम करतो, म्हणून मिसळणीवर सगळा भर. ओलावा होता, पेरणीला पाच आठवडे होते.

एक चूक झाली. शेवटच्या दोन चौकोनांत पोती ओतून ठेवली आणि संध्याकाळी वळीव आला. सकाळी ढिगांचे गोळे झाले होते, ते तसेच रोटरखाली गेले. पुढं तिथंच पिकात वरची पानं शिरांमधून पिवळी पडली. जस्त सल्फेट ०.५ टक्के आणि निम्म्या प्रमाणात चुन्याची निवळी अशी फवारणी करावी लागली.

ऑक्टोबर अखेरीस एकरी दोन टनांच्या हिशोबानं शेणखत टाकलं. सिंगल सुपर फॉस्फेट एकरी १०० किलो, ते पेरणीच्या वेळी ओळीत दिलं. सुपर फॉस्फेट चुन्याबरोबर एकत्र टाकलं तर स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, आणि युरिया एकत्र टाकला तर अमोनिया उडून जातो. म्हणून मध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर तरी हवंच. नत्रासाठी युरिया एकरी ४० किलो, विसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी दोन हप्त्यांत. अमोनियम सल्फेट पूर्ण टाळलं. १०० किलो अमोनियम सल्फेटमुळे होणारी आम्लता मारायला सुमारे ११० किलो चुना लागतो, युरियाला सुमारे ८० किलो.

ओळीतल्या पट्ट्यात सरीच्या काकरीत भुकटी टाकून मातीत कालवली, दोन आठवड्यांनी त्याच ओळीवर पेरणी.

पेरणीचं एवढं सांगायला हवं: चियाचे हजार दाणे सव्वा ते दीड ग्रॅम भरतात. किलोत सात-साडेसात लाख दाणे, आणि ४५ बाय १५ सेंटिमीटरवर एकरात झाडं ठेवायची साठ हजार. एकरी एक किलो बी दहा किलो चाळलेल्या कोरड्या गांडूळखतात मिसळून ओळीत सोडलं, वर एक सेंटिमीटरपेक्षा कमी माती. बी ओलं झालं की सब्जासारखं बुळबुळीत होऊन चिकटतं, म्हणून मिश्रण कोरडंच हवं. विसाव्या दिवशी विरळणी.

निष्पत्ती

पस्तिसाव्या दिवशी पुन्हा झाडं उपटून धुतली. चुन्याविना पट्ट्यात मूळ सात सेंटिमीटर. ओळीतल्या पट्ट्यात चौदा, पण मुळं ओळीपुरतीच, बाजूला वळली की टोकं बोथट. पूर्ण मात्रेत बावीस.

चुन्याविना पाच गुंठ्यांत ९ किलो बी आलं, म्हणजे एकरी ७२, मागच्या वर्षाइतकंच. ओळीतल्या पंधरा गुंठ्यांत ६८ किलो, एकरी १८१. पूर्ण मात्रेच्या वीस गुंठ्यांत १३२ किलो, एकरी २६४. काढणीनंतर सामू अनुक्रमे ४.९, ओळीत ५.५ पण दोन ओळींमध्ये ५.०, आणि ५.६.

हा सगळा फरक चुन्याच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही. पूर्ण मात्रेचा पट्टा उताराच्या खालच्या अंगाला होता, तिथं ओल जास्त टिकते. पण मुळांच्या टोकांमधला फरक ओलीनं पडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं वर्ष वाचलं असतं. पेरणीआधी रानाचा स्वतःचा नमुना दिला असता तर पत्रिकेवर विसंबावं लागलं नसतं. दुसरं, पट्टे उताराला आडवे न पाडता उभे पाडायला हवे होते, म्हणजे ओलीचा वाटा तिघांना सारखा आला असता.

ओळीत चुना टाकायचा निर्णय वाईट नव्हता. हात आखडता असेल तेव्हा ६० किलोत एवढा फरक मिळणं मोठं आहे. मात्र तो दरसाल द्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षी ओळ एक वीत सरकली तर मागचा चुना तिच्या कामाचा राहत नाही. ओळींच्या खुणा बांधावर खुंट्या ठोकून कायम केल्या असत्या तर बरं झालं असतं.

खालचा थर ४.७ वरच आहे आणि डोलोमाइट तिथं पोचलेलं नाही. जानेवारीत पाण्याची पाळी लांबली तेव्हा पूर्ण मात्रेची झाडंही दुपारी माना टाकत होती, ती यामुळेच. पुढच्या नांगरटीत निम्मा चुना खोल फाळाखाली घालणं हा त्यावरचा उपाय आहे.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर आणली तर वाढीला थोडा जास्त वेळ मिळू शकेल. पण मग चुना ऑगस्टच्या उघडिपीत पडायला हवा, आणि आजऱ्याच्या पावसात तशी उघडीप दरसाल मिळतेच असं नाही. तेव्हा यंदाचा बेत असा आहे: मे महिन्यात कोरड्यातच भुकटी मिसळायची, पावसाची ओल तिला कामाला लावेल, आणि उतारावर ती वाहून जाऊ नये म्हणून वर तागाचं दाट पीक. खाचराच्या ५.६ सामूला पूर्ण मात्रेची गरज नाही, तिथं भातानंतर ओळीतला चुनाच बघायचा आहे. पाच गुंठ्यांचा चुन्याविना पट्टा चुलत्यांनी तसाच ठेवायचं कबूल केलंय, तिथं नाचणी घेणार. नाचणीला ही आम्लता सोसते. पुढचे नमुने दोन वर्षांनी, त्याच दहा जागांवरून, काढणीनंतरच्या सुकल्या मातीतून.